शेवटच्या डावाची पट्टी

"मग कधी जाऊ, अण्णा? म्हातारी झाल्यावर?"

अश्लेषा कमरेवर हात ठेवून उभी. भारी तिखट पोर! गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम पाच महिने झाले होते. सांध्याच्या आतली तुटलेली दोरी, लिगामेंट, काढून तिच्याच मांडीच्या स्नायूची दोरी तिथं बसवली होती. डॉक्टरांनी नऊ महिने मैदान बंद सांगितलेलं, आणि रविवारी खो-खोच्या राज्य संघाची निवड.

तिचे प्रशिक्षक दामूअण्णा शिंगटे चुन्यानं मैदानाच्या रेघा मारत होते. त्यांच्या मैदानाची रीतच होती. अण्णांच्या पाया पडायचं, अण्णा 'जा' म्हणणार, मगच खेळायला जायचं.

"दुखतो का गुडघा?"

"अजिबात नाही. हे बघा!" ती दणादण उठाबशा काढू लागली.

अण्णांनी रेघा आखायची सुतळी तिच्या हातात दिली.

"दोन्ही मांड्या मोज."

ऑपरेशनच्या पायाची मांडी दोन बोटं बारीक भरली.

"दोन बोटांनी काय बिघडतंय?" ती फणकारली. "मागच्या हंगामात फायनलला मोडक्या गुडघ्यानं शेवटचा डाव खेळले. तीन गडी मारले, कप आणला. तेव्हा बरं 'जा' म्हणालात!"

अण्णांनी सुतळी तिच्या हातातून काढून घेतली.

खरंच म्हणाले होते. खांबापाशी वळताना तिचा गुडघा कट्कन वाजला, तरी पोरगी 'जाऊ द्या, जाऊ द्या' करत मागं लागली. अण्णांनी बर्फ लावला, पट्टी आवळून बांधली आणि सोडलं तिला. त्याच डावात पाय पुन्हा मुरगळला नि सांध्यातली गादीही फाटली. आधीच थांबवलं असतं तर गादी वाचली असती, असं डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. अण्णांनी ते गिळून टाकलं. वर गावानं सत्कार केला, तेव्हा फेटा बांधून मिरवलेसुद्धा! तेव्हापासून धड झोप नव्हती त्यांना.

"बास झालं आता. मी पाया पडते, तुम्ही 'जा' म्हणा."

ती वाकली. अण्णांनी पाय मागं घेतले.

आणि तिला कळायच्या आत तेच खाली बसले. सरावाला आलेल्या सगळ्या पोरींसमोर, चुन्यानं भरलेल्या हातांनी त्यांनी तिचे पाय धरले.

"अगं बाई! अण्णा, काय करताय हे? पाप लावता का मला? उठा!"

"गादी माझ्यामुळं फाटली, पोरी. माझ्या त्या पट्टीमुळं. डॉक्टर बोलले होते मला... मी लपवलं."

पोरी जागच्या जागी थांबल्या.

अश्लेषा अण्णांच्या शेजारी मातीत बसली. रविवारचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

"पण अण्णा... हट्ट तर माझाच होता ना?"

"तुझाच होता," अण्णा म्हणाले. "पण तू सोळा वर्षांची होतीस... मी एकसष्टचा होतो."