नारळाचं वऱ्हाड

आमच्या जहाजाचे कप्तान सरंजामे मोठे दिमाखाचे. एकदा कंपनीचे पाहुणे आले, तेव्हा त्यांनी जीवरक्षक बोटीची कवायत दाखवायचं ठरवलं. खलाशी बसवून बोट वरून समुद्रात सोडायची.

ती बोट वर्षभर जागची हलली नव्हती. आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

आमचा म्होरक्या धाकू सारंग हळूच म्हणाला, "साहेब, आधी रिकामी सोडून बघू या."

"पाहुण्यांसमोर रिकामी बोट? भित्रे कुठले! बसा आत!"

हुकूम मोडणार कोण? धाकूने हात जोडले. "बसतो साहेब. पण बोट वर्षाने पाण्यात जातेय. पहिला मान नारळाचा."

पाहुणे कौतुकाने हसले. त्यांच्यासमोर साहेबांना नाही म्हणवेना. "जाऊ दे तुझा नारळ."

"मानकरी एकटा कसा जाईल? सोबत वऱ्हाड नको?" असं म्हणत धाकूने भटारखान्यातून बटाट्याची पोती आणवली आणि आमच्या जागांवर नीट बसवली.

बोट कठड्याखाली गेली आणि तिला धरणारा लोखंडी दोर ताडकन तुटला. बोट पाण्यावर आपटून फुटली. मी ज्या फळीवर बसणार होतो, ती लाटेवर उलटीपालटी होत होती.

साहेब पांढरेफटक पडले. "धाकू, एवढ्या बटाट्यांचं मी काय कळवू रे?"

"कंपनीला काय ते कळवा, साहेब," धाकू म्हणाला. "बटाट्यांच्या घरी कळवावं लागत नाही."