आठ कढया

फार जुन्या काळी, डोंगराने मधोमध दुभागलेल्या एका राज्यात तापाची साथ आली. अंगावर काळे चट्टे उठत आणि चौथ्या दिवशी माणूस जाई.

राजधानीतल्या एका वैद्याने जिवाचे रान करून त्यावर काढा शोधला. राजाने त्याला ताम्रपट दिला, "बारा वर्षे हा काढा यानेच करावा. दुसरा कोणी करील तो चोर."

वैद्याच्या आठ कढया अहोरात्र उकळत. काढा आधी वाड्यात जाई, मग शहरात. घाटापलीकडे थेंबही पोचत नसे.

पलीकडच्या एका गावातली म्हातारी सुईण चार दिवस चालत दरबारात आली. जी लेकरे तिने हातांत झेलली होती, त्यांतली अकरा तिने त्याच महिन्यात पुरली होती.

ती म्हणाली, "महाराज, काढ्याची मुळी आमच्याच रानातली. वैद्य आहेत, भांडी आहेत. फक्त कृती सांगा आणि करू द्या."

"आज मी शब्द मोडला, तर उद्या नव्या औषधासाठी कोण झिजेल?" राजाने विचारले.

"झिजणाऱ्याला इनाम द्या, मान द्या. पण आठ कढया साऱ्या राज्याला कधी पुरायच्या?"

"विचार करू," राजा म्हणाला.

सुईण वाड्यासमोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारी एक कोष्टी येऊन बसला, मग दोन विधवा, मग गावेच्या गावे. रोज प्रधान येऊन सांगे, "मसलत चालू आहे." पहिल्या महिन्यात ती भांडली. पुढे नुसते "बरं" म्हणू लागली. उठून जावे असे तिला रोज वाटे. पण जाऊन गावात काय सांगणार?

एकदा वैद्य तिच्यापाशी थांबला. "बाई, मी वाईट माणूस नाही."

"ठाऊक आहे. तुम्ही काढा शोधलात, म्हणून तर मी इथे बसले."

वैद्य आपल्या कढयांकडे परतला.

काढ्याने राजधानीतून हटलेला ताप पाचव्या महिन्यात घाट उतरून परत आला. आता त्याला काढा पुरता लागू पडेना. वाड्यातही माणसे दगावू लागली.

वैद्य राजापुढे उभा राहिला. "पलीकडे मोकाट राहून ताप बदलला, महाराज. आता सगळ्या वैद्यांनी मिळून काढा सुधारायला हवा. माझा ताम्रपट परत घ्या."

राजाने ताम्रपट मोडला. वाड्यासमोर लोकांनी जयजयकार केला. सुईणीला मात्र उठायलाही दोघांचा आधार लागला.

वैद्यांनी मिळून सुधारलेला काढा महिन्याभरात घाटापलीकडे चुलीचुलीवर उकळू लागला आणि साथ ओसरली. सुईणीच्या गावात तोवर निम्म्या घरांची दारे कायमची बंद झाली होती. उरलेल्यांना तिने आपल्या हाताने काढा पाजला. कोणी तिला म्हणाले, "आजी, तुम्ही जिंकलात." ती म्हणाली, "उशिरा, बाबा."

तात्पर्य : औषधाला कुंपण घातले, की रोगाला रान मोकळे मिळते.