एकटं लुगडं

“...मग माझ्यात कमी तरी काय आहे, माई?”

पद्माकरने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज थोडा चढलाच.

माई धुण्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचं. मठ त्यांचा, आणि मठात अंथरुणाला खिळलेली एकोणीस म्हातारी माणसंही त्यांचीच.

पद्माकर सात वर्षांपूर्वी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून इथे आला होता. गेली तीन वर्षं तो अनुग्रह मागत होता. माईंनी कानात मंत्र द्यावा, शिष्य म्हणावं, एवढंच. दर गुरुपौर्णिमेला माई म्हणायच्या, “बघू.”

उद्या पुन्हा गुरुपौर्णिमा होती.

माईंचं लक्ष समोरच्या वॉशिंग मशीनकडे होतं. ते पिळायला लागलं होतं.

धाड... धाड... धाड...

शेजारची रिकामी बादली फरशीवर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली.

“ह्याला काय झालं रं?”

“बेअरिंग, माई. पुन्हा.”

“कितव्यांदा?”

“...तिसऱ्यांदा. मिस्त्री म्हणतो, आता पुन्हा गेलं तर मशीन भंगारात. खरं तर हे दहा-बारा वर्षं सहज चालायला हवं. आपलं चार वर्षांतच असं झालंय. पाणी जड आहे इथलं. वीजही कमीजास्त होते.”

“आन् कापडं? ती तरी साफ निघत्यात न्हवं?”

पद्माकर खुलला. हा त्याचा आवडता विषय. एरवी मोजकं बोलणारा माणूस मशीनबद्दल विचारलं की थांबत नसे.

“समोरून दार असलेल्या मशीनची गोष्टच वेगळी, माई. पाणी थोडं घेतं, पण कपडा वर उचलतं आणि खाली आपटतं. उचलतं, आपटतं. नदीवर धोपटावं तसं. त्यात साठ अंशांचं गरम पाणी. आजारी माणसांच्या चादरी मी आधी बाहेर खळबळून घेतो, मगच आत. डाग राहत नाही, वास राहत नाही, जंतू राहत नाही.”

“कशावरनं?”

“तपासून घेतलंय. धुतलेल्या चादरीचा तुकडा प्रयोगशाळेत दिला होता. कागद आहे ना!”

कागद खरोखरच होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने तो मशीनच्या वर भिंतीला चिकटवला होता. मठात देवांच्या तसबिरींनाही एवढी चांगली जागा मिळाली नव्हती.

“म्हंजी त्या चादरी सोवळ्या झाल्या म्हण की.”

“तुमच्या पूजेच्या वस्त्राइतक्या.”

“बरं...”

मशीन मध्येच थांबलं. पद्माकरने सवयीने बटण दाबलं. पुन्हा धाड, धाड.

“आपसूक थांबलं हुतं की ते.”

“वजन एका बाजूला गेलं की थांबतं. पुन्हा चालू करायचं.”

“रोज?”

“रोज. कधी चार वेळा, कधी पाच. मी इथून हलत नाही, माई.”

“काय हाय आत?”

“तुमचं लुगडं.”

“आन्?”

“आणखी काही नाही. तुमचं लुगडं मी एकटंच धुतो. मशीन आलं त्या दिवसापासून. दुसऱ्या कुणाचा धागा त्यात पडू देत नाही.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. माईंवर त्याचा जीव होता. इतर कपडे सगळ्यांचे एकत्र, माईंचं लुगडं वेगळं. आणि त्याचे स्वतःचे कपडे तर मशीनमध्ये जातच नसत. ते तो सकाळी विहिरीवर हाताने धुई आणि मागच्या बाजूला वेगळ्या दोरीवर वाळत घाली. स्वावलंबन, असं तो म्हणे.

माई भिंतीला धरून उठल्या. त्यांनी स्वतःच बटण दाबून मशीन बंद केलं.

दाराचं कुलूप सुटायला मिनिटभर लागलं.

खट्ट.

माईंनी लुगडं बाहेर ओढलं. नऊवारी सुती लुगडं, भिजून त्याचा एकच जड गोळा झाला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी सोडवला. मग खळबळलेल्या चादरींच्या टबाकडे वळल्या आणि वरची चादर उचलली.

“ही कुनाची?”

“यशोदाआजींची. माई, त्यांच्या पाठीला जखमा आहेत...”

माईंनी चादर मशीनमध्ये टाकली. तिच्यावर लुगडं. त्यावर दुसरी चादर, मग तिसरी.

“माई!”

पद्माकरने त्यांचा हात धरला. सात वर्षांत त्याने पायांशिवाय माईंना कधी स्पर्श केला नव्हता.

माई त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

“कागद वाच,” त्या म्हणाल्या.

पद्माकरची मान वर गेली. मग खाली आली. त्याने हात सोडला.

मशीन सुरू झालं. माई उंबऱ्यावर बसल्या, पद्माकर फरशीवर. काचेच्या गोल दारातून लुगडं दिसायचं, मग चादर दिसायची, मग कुठलं कुणाचं ते कळेनासं झालं. दीड तास गेला.

पिळायची वेळ आली.

बेअरिंगची घरघर होती. धडधड नव्हती. मशीन एकदाही थांबलं नाही, आणि बादली जागची हलली नाही.

पद्माकर बादलीकडे बघत राहिला. आत एकच जड कपडा असला की ड्रम एका अंगाला झुकतो आणि सगळे हिसके बेअरिंगवर येतात. हे त्याने दुसऱ्या कुणाच्याही घरी उभ्या उभ्या सांगितलं असतं. इथे चार वर्षं तो मशीनसमोर उभा होता आणि त्याला दिसलं नव्हतं.

“म्हणजे... मीच मोडलं हे?”

माई उठून मशीनपाशी गेल्या.

“मशीन आपण होऊन थांबत होतं, माई. रोज थांबत होतं. मीच...”

त्याला खूप लाज वाटली, आणि ती लपवावी असंही वाटलं नाही. डोळे पुसायला त्याने सदऱ्याची बाही वर केली. सदरा पांढराशुभ्र होता, विहिरीवर धुतलेला.

“आता कुठल्या तोंडाने अनुग्रह मागू?”

माईंनी मशीन रिकामं केलं. लुगडं झटकून चादरींच्याच दोरीवर टाकलं. परत आल्या. टबातल्या उरलेल्या दोन-तीन चादरी आत घातल्या. दार मात्र लावलं नाही.

“हिकडं ये.”

पद्माकर आला. माई त्याच्या कानाकडे वाकल्या.

गुरुपौर्णिमा तर उद्या होती... त्याने डोळे मिटले, हात जोडले.

माईंनी त्याच्या सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि कानात म्हणाल्या,

“सदरा काढ. आत अजून जागा हाय.”