साळूचे माठ आणि सशाची गिऱ्हाइके

एका रानात, ओढ्याच्या काठाला, माठ घडवणारी एक साळू राहत असे. पलीकडच्या काठाला एक ससा राहत असे, आणि तोही माठच घडवत असे. माती दोघांची एकाच ओढ्याची, घडवण्याची पद्धतही एकच. मोहाच्या झाडाखाली दर आठवड्याला बाजार भरायचा. त्या बाजाराची एक रीत होती : गिऱ्हाइकाने आधी मागच्या खरेदीचा अनुभव दुकानदाराच्या तोंडावर सांगायचा, मगच नवी वस्तू घ्यायची. रीत मोठी शहाणपणाची. पण मुलांनो, साळूचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. एकदा रानकोंबडी बिचारी एवढेच म्हणाली, "ताई, तुमचा माठ जरा..." तोच साळूचे सगळे काटे खडखडत उभे राहिले. "जरा काय? काय जरा? पाणी भरायची तरी अक्कल आहे का तुला?" कोंबडीने जी धूम ठोकली ती पुन्हा त्या दुकानाकडे फिरकली नाही. तेव्हापासून जो येई तो दुरूनच "छान आहे हो तुमचा माठ!" म्हणे आणि पुढे सटके. आपल्या मालाला नाव ठेवायला कुठे जागाच नाही, असे साळू पिल्लांना मोठ्या तोऱ्यात सांगू लागली.

एकच गोष्ट तिला खुपत होती. सगळे छान म्हणत तिला, आणि गर्दी असे सशाकडे. तो समोर पान खात बसला तरी हिचा जीव जळे. अशात एका बाजारी रानडुक्कर तणतणत आला आणि त्याने सशापुढे माठ आपटला. "सशा, हा माठ म्हणायचा की चाळण? रात्री भरून ठेवला, सकाळी ठणठणीत कोरडा! बुडातून गळतो लेकाचा!" सगळा बाजार वळून बघू लागला. सशाचे कान शरमेने खाली पडले. मग त्याने माठ उपडा केला आणि म्हणाला, "कुठून गळतो ते दाखवा बरं, काका. सगळं सांगा, काही ठेवू नका." डुक्कर बडबडत राहिला, ससा ऐकत राहिला. समोरून बघताना साळूला इतका आनंद झाला की तिला कडकडून भूक लागली. "बसला एकदाचा याचा धंदा!" ती मनात म्हणाली. घरी गेल्यावर तिने डुकराचा आवाज काढून पिल्लांना ती सगळी फजिती करून दाखवली.

पुढच्या बाजारी सशाचे ओस पडलेले दुकान बघावे म्हणून ती मुद्दाम लवकर आली. बघते तर काय, रानडुक्करच सगळ्यांत पुढे, आणि सोबत बायको आणि दोन मेहुणे. साळूच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बाजारभर सांगत सुटली, "सशाचा माठ गळतो बरं का! माझ्या कानांनी ऐकलंय मी." तेव्हा खार हसून म्हणाली, "गळायचा हो. आता नाही गळत." सगळे हसले. साळू आपले न खपलेले माठ घेऊन घरी गेली आणि सशाच्या नावाने बोटे मोडत राहिली.

उन्हाळा आला तसा ओढा आटत आटत एका डबक्यापुरता राहिला. ज्याने त्याने उरलेसुरले पाणी घरी नेऊन साठवले. साळूनेही आपले सगळे न खपलेले माठ काठोकाठ भरले. "गेले नाहीत तेच बरं झालं," ती पिल्लांना म्हणाली. सकाळी उठून बघते तो एकूणएक माठ रिकामे, खालची जमीन ओलीगच्च, आणि तिची पिल्ले तो चिखल चाटत बसलेली. ती डबक्याकडे धावली, तर तिथे नुसत्या भेगा. पिल्लांच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. शेवटी ती शेजारच्या झाडाखाली गेली आणि तिने खारीला हाक मारली. "पाणी दे गं थोडं, पोरांचा जीव जातोय. माझे माठ गळतात. तुला माहीत होतं का हे?"

"सगळ्या रानाला माहीत आहे, ताई," खार म्हणाली.

"मग मला कुणी बोललं कसं नाही?"

"बोलायला गेलेल्या कोंबडीचं काय झालं, ते पाहिलं होतं आम्ही."

"आणि सशाचे बरे गळत नाहीत!"

"त्याचेही अगदी तुमच्यासारखेच गळायचे. डुकरानं शिव्या दिल्या तेव्हा त्याला कळलं की बुडाशी माती पातळ राहते. त्या दिवसापासून तो बूड जाड घडवतो." खारीने सशाकडून घेतलेला, पाण्याने भरलेला माठ पुढे ढकलला. "तुम्ही समोरच तर होतात, ताई. सगळं ऐकलंत की!"

साळूने तो माठ घरी नेला. पिल्ले घटाघट प्यायली आणि शांत झोपली. मग उरलेले पाणी तिने स्वतः तोंडाला लावले. सशाच्या माठातले पाणी छान गार होते, आणि तेही तिच्या जिवाला लागले.

तात्पर्य : दोष सांगणारे गिऱ्हाईक सुधारायची संधी देऊन जाते आणि पुन्हा येते; ज्याला सांगायची भीती वाटते, ते "छान आहे" म्हणून कायमचे निघून जाते.