फ्युएल पंपाची शाल

हँडल फिरवून मोटारींना जागं करावं लागे, त्या काळी मी शेवडे वकिलांच्या मोटारीत फ्युएल पंप होतो. टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवायचं, एवढंच माझं काम. घाटात तापलो की तेही बंद पडे. मग वकीलसाहेब बॉनेट उघडून माझ्या अंगावर ओलं फडकं पांघरत.

मला वाटे, शाल! सत्कारच हा! पुढे पुढे मी साधा चढ दिसला तरी थांबू लागलो.

"अरे, मोरीतलं फडकं आहे ते," रेडिएटर म्हणाला.

"तुला कुणी घालत नाही, म्हणून बोलतोस," मी म्हणालो.

एकदा वकिलांच्या लेकीला कळा सुरू झाल्या. घाटात मी सवयीने थांबलो. शाल आली, पण या खेपेला मी हललोच नाही. बिचारी कांद्याच्या ट्रकमधून दवाखान्यात पोचली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, यात माझा काही हात नाही.

मिस्त्रीने मला उघडलं. "वकीलसाहेब, पेट्रोल ओढणारा आतला पडदा फाटलाय. वरून फडकी घालून काय होणार?"

नवा पडदा बसला. आता मी घाटात थांबत नाही, म्हणून कुणी बॉनेटही उघडत नाही. फडकं काचा पुसतं.

तरी चढ लागला की माझी मान आपोआप पुढे होते.