केरबाने राजमातेला दिलेलं रोप

काळ्या खडकाच्या डोंगरावर वसलेलं एक नगर होतं. खडक इतका कठीण, की दारात तुळस लावायची म्हटली तरी माती खालच्या ओढ्यावरून आणावी लागे. बाग काय ती एकट्या राजवाड्याला होती.

त्या नगरात केरबा नावाचा एक पाथरवट राहत होता. उमेदीत त्याच्या छिन्नीला तोड नव्हती. पण साठी उलटली, हात थरथरू लागला, आणि मुकादम म्हणाला, "केरबा, पुष्कळ केलंस. आता घरी बस."

केरबा घरी बसला. त्याची बायको तानूबाई मायेची. तो पाणी प्यायला उठला, तरी म्हणायची, "राहू द्या, मी आणते." बिचाऱ्याला दिवसभर भिंतीकडे बघण्यापलीकडे कामच उरलं नाही.

एका सकाळी त्याच भिंतीच्या फटीत त्याला उंबराचं बोटभर रोप दिसलं. चिमूटभर माती नाही, तरी चार पानं फुटलेली! केरबाने ते मुळांसकट अलगद सोडवलं. दगडाच्या एका तुकड्यातून उथळ कुंडी कोरली आणि त्यात ते लावलं. एका यात्रेकरूने त्याला कधी तरी सांगितलं होतं, की मूळ आणि फांद्या छाटत राहिलं तर मोठं झाडही वीतभर उंचीचं ठेवता येतं. कुणी त्याला बोन्साय म्हणतं, कुणी वामनवृक्ष.

महिन्याभरात रोप मेलं. कुंडीच्या तळाला भोक पाडायचंच राहिलं होतं. मुळं पाण्यात कुजली.

केरबाने दुसरं रोप शोधलं. फांदीला बाक यावा म्हणून तिला दोरी बांधली, ती इतकी घट्ट की साल कापली गेली. तेही वाळलं. तिसरं त्याने जपून घरात ठेवलं. ते उन्हाविना गेलं. चौथं मात्र जगलं.

त्याचं बघून तानूबाईलाही हुरूप आला. बाजारातून आणलेला एक टोमॅटो फार पिकला होता. त्याच्या बिया तिने फुटक्या माठात पेरल्या. रोपं दाट उगवली.

"यातली दोन ठेव, बाकीची उपट," केरबा म्हणाला.

"जिवंत रोप उपटू? माझ्याच्यानं नाही व्हायचं!"

मग वीसच्या वीस रोपं काडीसारखी झाली आणि एकालाही फळ धरलं नाही. पुढच्या वेळी तानूबाईने मन घट्ट केलं. दोनच रोपं ठेवली, चुलीतली राख आणि वाळलेलं शेण घातलं, बांबूच्या कामटीचा आधार दिला. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन हात रुंद सज्ज्यात लालभडक टोमॅटो लटकले. पहिला टोमॅटो दोघांनी मीठ लावून अर्धा अर्धा खाल्ला. तानूबाईने बोटांना लागलेल्या बियासुद्धा पुसून पुडीत ठेवल्या.

अशी पाच वर्षं गेली. उंबराचं खोड मनगटाएवढं जाड झालं, आणि उंची मात्र एका हाताचीच राहिली. बघणाऱ्याला वाटावं, शंभर वर्षांचा वृक्ष दुरून पाहतोय.

आता हा सज्जा बरोबर राजवाड्याच्या एका खिडकीसमोर होता. त्या खिडकीत राजमाता बसून असायच्या. राजा लहान असताना याच बाईंनी सगळं राज्य सांभाळलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी त्या पडल्या, आणि तेव्हापासून कुणी त्यांना उठू देत नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा दासी ओठांना लावी. त्यांचं जेवण तुटलं, बोलणं आटलं. वैद्य थकले. दिवसभर त्या फक्त समोरचा सज्जा बघत राहायच्या.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "मला ते झाड हवं."

कित्येक महिन्यांनी आईसाहेबांनी काही मागितलं होतं. राजाने लगेच कारभाऱ्याला पाठवलं.

"केरबा, तुझं नशीब उघडलं," कारभारी म्हणाला. "झाड दे. बदल्यात खालच्या ओढ्याकाठी घर आणि काळी जमीन मिळेल. उद्या सकाळी झाड घेऊन हजर हो."

कारभारी गेला. तानूबाई म्हणाली, "अहो, देऊन टाका. राजवाड्याला नाही म्हणू नये."

केरबा झाडापुढे बसला. त्याने स्वतःलाच विचारलं, 'मला झाडाचा लोभ सुटेना, की खरंच काही वेगळं वाटतंय?' मग म्हणाला, "तानू, मला घरी बसवलं तेव्हा कुणी असं तयार झाड आणून दिलं असतं, तर मी काय केलं असतं?"

"बघत बसला असतात."

"तेच. आणि आईसाहेब दोन वर्षं बघतच बसल्यात."

दुसऱ्या दिवशी केरबा दरबारात गेला. झाड बघायला राजमातेलाही मेण्यातून तिथे आणून बसवलं होतं. त्याच्या एका हातात बोटभर उंबराचं रोप होतं, दुसऱ्या हातात मातीने भरलेलं फुटकं मडकं, आणि कनवटीला टोमॅटोच्या बियांची पुडी. लोक हसू लागले.

राजा संतापला. "आईसाहेबांसाठी झाड मागवलं होतं. हे काय आणलंस?"

केरबा राजमातेकडे वळून म्हणाला, "आईसाहेब, माझं झाड हवं असेल तर आत्ता आणून देतो. जमीन नको, घर नको. पण ते इथे आलं तरी केरबाचंच झाड राहील. हे रोप आपण वाढवलंत तर ते आपलं होईल."

"या हातांनी?" राजमातेने आपला सुरकुतलेला, कापणारा हात पुढे केला.

केरबाने आपला हात त्या हाताशेजारी धरला. तोही तसाच कापत होता.

राजमाता त्या दोन हातांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मडकं माझ्या खिडकीत ठेवा."

पंधरा दिवसांनी केरबाला तातडीचं बोलावणं आलं. राजमाता रागाने लाल झाल्या होत्या. "केरबा, तू मला फसवलंस! रोपही मेलं आणि टोमॅटोही."

केरबाने मातीत बोट घातलं. नुसता चिखल. "पाणी कोण घालतं, आईसाहेब?"

"मी घालते. आणि या दोघी दासीही घालतात. यांना वाटतं, माझ्याकडून राहून जाईल."

"मग त्यांनी हात लावायचा नाही. माती कोरडी लागली तरच पाणी, आणि तेही आपणच घालायचं. माझी तीन उंबरं मेली, तेव्हा कुठे चौथं जगलं. आपलं तर एकच मेलंय."

राजमाता एकदम हसल्या. दोन वर्षांत त्या हसल्या नव्हत्या. "म्हणजे अजून दोन मारायची मुभा आहे मला!"

त्यांनी पुन्हा बी पेरलं. पुन्हा उंबराचं रोप लावलं. केरबाने या वेळी मडकं मुद्दाम पलीकडच्या खिडकीत ठेवायला सांगितलं होतं. तिथे ऊन चांगलं यायचं आणि पलंगापासून ती बारा पावलांवर होती. पहिल्या दिवशी राजमाता भिंत धरून चार पावलं चालल्या आणि परतल्या. दासी धावल्या, तशा राजमाता ओरडल्या, "खबरदार! झाडाला एकच मालक पुरे." आठव्या दिवशी त्या खिडकीपर्यंत पोचल्या. मातीत बोट घातलं. कोरडी होती. त्यांनी स्वतः पाणी घातलं आणि तिथेच उन्हात बसून राहिल्या.

पुढे फुलं आली, गळाली. पुन्हा आली. तानूबाईने येऊन शिकवलं, "फुलांच्या देठाला हळूच टिचकी मारायची, आईसाहेब. फळ धरतं." राजमाता रोज सकाळी टिचक्या मारू लागल्या. भूक लागू लागली. पोळी मागून घेऊ लागल्या.

राजाने केरबाला बोलावून विचारलं, "आता तरी काही माग."

"महाराज, आपल्या तबेल्यातलं शेणखत दरीत टाकतात. ते नगरातल्या लोकांना नेऊ द्यावं. आमच्याकडे जमीन नाही, पण सज्जे पुष्कळ आहेत."

राजाने आनंदाने हुकूम दिला. डब्यात, घमेल्यात, फुटक्या रांजणात लोकांनी रोपं लावली. पुष्कळांची मेली. त्यांनी पुन्हा लावली.

दिवाळीच्या सुमारास शेजारचे राजे पाहुणे म्हणून आले. भोजनाला ते बसतात न बसतात, तोच काठीचा आवाज आला. राजमाता स्वतः चालत येत होत्या. सगळे उठून उभे राहिले. त्यांच्या हातातल्या तबकात पाच टोमॅटो होते. एक जरा वाकडा, एक अजून हिरवट. दाराशी केरबा आणि तानूबाई उभे होते. तानूबाईच्या डोळ्यांना धार लागली, आणि केरबाची छाती अशी फुगली की जणू टोमॅटो त्यालाच लागले होते.

एका पाहुण्या राजाने फोड तोंडात टाकली. "वा! आईसाहेब, या बागेला माळी किती?"

राजमातेने पाठ ताठ केली.

"एकच," त्या म्हणाल्या. "मी."

तात्पर्य काय, तर थकलेल्या माणसाला तयार सुख आणून देण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावं. चुकत चुकत का होईना, स्वतः वाढवलेल्या रोपाचा अभिमान माणसाला पुन्हा उभं करतो.