कुठली शिक्षा देऊ, महाराज?

रणोजीराजाला हिंदीचं वेड लागलं आणि ते निस्तरायची पाळी पोरांवर आली. राजा चांगला मराठी आईच्या पोटचा. पण उत्तरेकडची राणी करून आला आणि त्याला घरची भाषा गावंढळ वाटायला लागली. आचाऱ्यालासुद्धा तो हिंदीत दम भरायचा. आचारी मान डोलवायचा आणि आमटी पहिल्यासारखीच करायचा.

इथवर ठीक होतं. मग राजाने स्वतः बसून हुकूम रचला आणि गावोगाव दवंडी पिटवली: "पाठशाला में जो कोई अपने घर की बोली बोलेगा, उसे शिक्षा दी जाएगी. राज में एक ही भाषा चलेगी, दरबारी!" उत्तरेकडच्या मुनशीने तो वाचला, जरासा खोकला आणि गप्प बसला. त्याला नोकरी टिकवायची होती.

डोंगरातल्या जांभुळपाड्याची शाळा भरायची कौतिकाबाईच्या गोठ्यात. अर्ध्यात शेळ्या, अर्ध्यात पोरं, आणि वर निम्मंच छप्पर. पोरं कोरकूंची, बंजाऱ्यांची, कुणब्यांची. पंतोजी मराठीत सांगायचे, की पुढे बसलेली फुलकाय मागे वळून ते कोरकूत सांगायची आणि बंजाऱ्यांचा रामधन तांड्याच्या बोलीत. एकच बेरीज तीनदा व्हायची, म्हणून पक्की बसायची. कौतिकाची लेक चंद्री यातच वाचायला लागली होती. लेकीने वाचावं, एवढं एकच खूळ कौतिकाच्या डोक्यात होतं.

हुकमासोबत राजाने एक चाबूकही धाडला. पंतोजींच्याने तो उचलवेना, पण पोरं भ्यायची ती भ्यालीच. फुलकायचं तोंड मिटलं, तशा तिच्या मागच्या साऱ्या पाट्या कोऱ्या राहिल्या. त्यात शिपाई सांगून गेला, की बाजाराच्या दिवशी महाराज जातीने येणार. घरची बोली बोलणारं एक जरी पोर शिक्षेवाचून सुटलेलं दिसलं, तर शाळा बंद आणि पंतोजी हद्दपार.

पंतोजी बोचकं बांधायला लागले. कौतिकाने त्यांच्याकडून हुकूम वाचून घेतला, पुन्हा वाचून घेतला, आणि पोट धरून हसली. बोचकं सोडा म्हणाली. पोरांना म्हणाली, बोला रे, घसा बसेस्तोवर बोला.

राजा मुनशीला घेऊन आला तेव्हा गोठ्यात तीन बोल्यांचा बाजार भरला होता आणि शेळ्या चौथी बोलत होत्या. राजा दारातूनच कडाडला, "इनको शिक्षा क्यों नहीं दी?"

"दिली की," कौतिका म्हणाली. "रोज देतो. एकाला सोडलं नाही."

राजाने पोरांच्या पाठी बघितल्या. एकीवरही वळ नाही. कौतिकाने फुलकायला पुढे केलं. पोरीने पाटीवर राजाचं नाव लिहिलं, वेलांटीसकट, आणि राजासमोर धरलं.

"ही घ्या तिची शिक्षा."

राजा असा भडकला, की हिंदी कुठल्या कुठे गेली. "अगं बये, शिक्षा म्हणजे मार! फटके!"

"ती आमच्या गावंढळ मराठीतली, महाराज. मागे उत्तरेकडचा एक व्यापारी माझ्याकडे शेळ्या घ्यायला आला होता. म्हणाला, माझा मुलगा काशीत शिक्षा घेतोय. मी हळहळले, म्हटलं, काय चोरलं हो पोराने? तो असा भांडला! त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिकवणं. हुकूम दरबारी भाषेत, मग अर्थ मराठीत कसा लावायचा? एकच भाषा चालणार ना?"

राजाने मुनशीकडे पाहिलं. मुनशी पुन्हा खोकला. "जी हुज़ूर. मार को तो दंड कहते हैं."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"दंड के डर से, हुज़ूर."

"आणि महाराज," कौतिका पदर खोचत म्हणाली, "आत्ता शाळेत उभं राहून घरच्या बोलीत कोण बोललं? हुकमात 'जो कोई' लिहिलंय. शिक्षा तर द्यावीच लागेल. कुठली देऊ? दरबारी हवी तर बसा पोरांत. मराठी हवी तर चाबूक त्या शेळीच्या गळ्यात बांधलाय, सोडून आणते."

शेळ्यासुद्धा बोलायच्या थांबल्या. राजाच्या मिशा आधी थरथरल्या, मग पोट, आणि मग तो असा हसला, की उरलेल्या छपराचं गवत खाली आलं.

"दरबारीच दे, बाई," तो म्हणाला आणि फुलकायच्या शेजारी मांडी घालून बसला.

पावसाआधी गोठ्यावर अख्खं कौलारू छप्पर चढलं, शेळ्यांना वेगळा गोठा मिळाला आणि हुकूम राजाने मागे घेतला. चाबूक मात्र कौतिकाने परत दिला नाही. शेळी द्वाड होती.